मामाजींची मिल आम्ही विकत घेतली तेव्हा

आमच्या कंपनीनं माझ्या सासऱ्यांची राईस मिल विकत घेतली, त्या दिवशी दोन्ही बाजूंनी हार मलाच घालण्यात आला. कंपनीनं घातला, कारण सौदा मी जुळवून आणला होता. सासरच्यांनी घातला, कारण आणलेल्यांतला एक हार उरला होता. मी दोन्ही हार गळ्यात ठेवूनच फोटो काढून घेतला. त्या फोटोत सगळ्यात खूश माणूस मीच आहे. सासरे कॅमेऱ्याकडे न बघता मिलच्या दाराकडे बघताहेत. तेव्हा मला वाटलं, डोळ्यांवर ऊन येत असेल.

आमची कंपनी म्हणजे भंडाऱ्याजवळची एक मोठी राईस मिल आणि तिनं वेळोवेळी पोटात घेतलेल्या लहान मिली. मालक नागपूरचे. मी तिथं विस्तार अधिकारी होतो. व्यवस्थापनाची पदवी मी दूरशिक्षणानं घेतली होती. घरबसल्या शिकण्यात तोटा एवढाच, की उत्तर चुकलं तर समोर हसायला कोणी नसतं. ही उणीव पुढे सासऱ्यांच्या गावानं, एकोडीनं, भरून काढली.

सासऱ्यांना आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी मामाजी म्हणतो. त्यांची मिल एकोडीहून साकोलीला जाणाऱ्या रस्त्यावर होती. टिनाचं छत, एक जुनं हलर, म्हणजे धानाची साल काढणारी मशीन, दारात चिंच. मुलगा नाही, एकच मुलगी, ती माझ्या घरी. वीजबिल, परवाने, दरवर्षी तुटणारे पट्टे, याला ते कंटाळले होते, असं मी मालकांना सांगितलं. मामाजींना मी सांगितलं, की कंपनी नवी मशीन आणेल, तुम्हाला कसलीच कटकट राहणार नाही. दोन्ही वाक्यं मीच तयार केली होती आणि दोन्हीकडे ती पटली.

सह्या करायच्या आधी मामाजींनी एकच गोष्ट मागितली.

"कागदं तुमी पाहा, जवाईबापू. मले येवढंच पायजे, का मशीनपाशी माही जागा राहावी. लोकाईचा धान माह्या हातून निघाला पायजे."

"राहील ना, मामाजी. करारात तुम्हाला सल्लागारच करून टाकतो."

"सल्ला नाई म्हनत मी. जागा म्हनतो."

"तेच ते," मी म्हणालो, आणि करारात सल्लागार असं लिहिलं.

त्याच करारात मी आणखी एक कलम घातलं. विकणाऱ्यानं पाच वर्षं तालुक्यात धान भरडाईचा कोणताही धंदा, स्वतः किंवा दुसऱ्याच्या आडून, करायचा नाही. पुस्तकातल्या प्रत्येक नमुन्यात असं कलम असायचं. आपल्या करारात ते नसेल तर करार अंगावर शर्ट नसल्यासारखा दिसेल, म्हणून घातलं. मामाजींनी खाली सही केली आणि विचारलं, "याच्यात काय हाय?" मी म्हणालो, "काही नाही, रीत असते."

आता त्या मिलची चाल सांगतो, म्हणजे मी काय करून बसलो ते कळेल.

आमच्या भागात घरी खायचा धान वेगळा आणि विकायचा वेगळा. विकायचा धान कुठलाही चालतो. खायच्या धानासाठी मात्र माणूस एक बांधी, म्हणजे बांध घातलेला भातशेतीचा एक तुकडा, राखून ठेवतो. तिथं शेणखत टाकतो, घरात चालत आलेलं वाण लावतो. कोणाचा चिन्नोर, कोणाची लुचई. त्यामुळे मिलवर धान आणला की माणूस आपल्याच पोत्यावर बसून राहायचा. एकाचा धान निघाला की मामाजी मशीन रिकामी फिरवायचे, लाकडी हातोडीनं तिच्या पोटावर ठोकायचे, झाडूनं कोपरे झाडायचे. आधीच्याचा दाणा आत उरला नाही, हे पुढच्याला दाखवायचे, आणि मगच त्याचं पोतं ओतायचे.

मी घड्याळ घेऊन तिथं बसलो. मशीन जितका वेळ तांदूळ काढत होती, जवळपास तितकाच वेळ रिकामी होत होती. मला तर गुप्तधन सापडल्यासारखं झालं. हे रिकामं करणं बंद केलं, तर काही न करता मिलचं काम दुप्पट! मालकांपुढे पडद्यावर मी मोठ्या अक्षरांत दाखवलं: 'तांदूळ म्हणजे तांदूळ.' सगळ्यांचा धान एकत्र भरडायचा, शेतकऱ्यानं धान मोजून द्यायचा आणि तेवढ्याचा तयार तांदूळ उभ्या उभ्या घेऊन जायचा. बसणं नाही, थांबणं नाही. मालक म्हणाले, "बढिया."

त्या रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "हा तांदूळ कुठचा हाय, मालूम हाय ना तुमाले?"

"कुठचा म्हणजे? आंबागडचा."

आंबागडला माझा मोठा भाऊ शेती करतो. दरवर्षी आमच्या घरच्या बांधीतलं पोतं तो भंडाऱ्याला पाठवतो. मागे एकदा पोतं उशिरा आलं, तर मी अख्खा आठवडा पोळीवर काढला होता, बाजारचा भात खाल्ला नव्हता.

"बाजारात बी तांदूळच भेटते," ती म्हणाली, आणि ताटात आणखी भात वाढला. तिचा टोमणा कळायला मला दोन वर्षं लागली. भात मात्र मी लगेच संपवला.

पहिलं वर्ष झकास गेलं. नवी मोठी मशीन आली, मिलला कंपनीचा निळा रंग लागला, आणि आकडे असे वर गेले, की मालकांनी ते फ्रेम करून लावायचं तेवढं बाकी ठेवलं. त्या आकड्यांत भंडाऱ्याहून एकोडीला वळवलेले कंपनीचेच ट्रक होते, हे मला माहीत होतं. पण ते तपशिलात जातं, असं मी स्वतःला समजावलं. दोन मिली एक झाल्या की कोणाचा धान कोणाच्या खात्यात दाखवायचा, हा अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न असतो आणि अधिकारी मीच होतो.

मालकांनी मला गोंदियाला मिलवाल्यांच्या एका बैठकीत भाषण करायला पाठवलं. विषय होता, लहान मिली सामावून कशा घ्याव्यात. मी तासभर बोललो. शेवटी मागच्या रांगेतले एक म्हातारे मिलवाले उठले.

"साहेब, दुसरा साल कसा गेला?"

"दुसरा अजून यायचा आहे."

"मंग भाषन थोडं घाईत झालं, नाई का?"

सगळे हसले. मीही हसलो. त्यांना मी मागासलेला माणूस समजलो.

दुसरा साल आला. पहिल्या वर्षी लोक मामाजींच्या सवयीनं आले होते, आणि आपलाच तांदूळ परत मिळतो या समजुतीनं. घरी जाऊन भात शिजवल्यावर समजूत गेली. दिवाळीनंतर एक बाई पोतं घेऊन परत आल्या आणि माझ्यासमोर ते ठेवलं.

"हा आमचा तांदूळ नाई. आमच्या भाताले वास राहाते."

"ताई, वजन करून बघा. एक दाणा कमी निघणार नाही."

"वजन शिजवू का मी?"

मामाजी बाजूला खुर्चीवर बसले होते. सल्लागाराची खुर्ची, गादीची, मीच आणून दिलेली. नव्या मशीनवर भंडाऱ्याहून आलेला ऑपरेटर होता. मशीनभोवती सुरक्षेची जाळी होती आणि जाळीवर 'आत येऊ नये' अशी पाटी. ती पाटी सल्लागारालाही लागू होती. मी नियम मोडत नाही.

धान कमी येऊ लागला, तेव्हा मी कारणं शोधली. पाऊस लांबला. रस्त्याचं काम सुरू आहे. शेवटी माझ्या लक्षात आलं, की ग्राहकांना सोयी नाहीत. मग मी मिलच्या आवारात एक छान शेड बांधून घेतली. पंखे, बाकं, थंड पाण्याची मशीन, टीव्ही आणि टोकन घ्यायचं यंत्र. ज्या ठिकाणी थांबायची गरजच मी मोडीत काढली होती, तिथं मी थांबायची उत्तम व्यवस्था केली.

एकदा दुपारी न सांगता गेलो, तर शेडमध्ये एकटे मामाजी बसलेले. टीव्हीवर कुठलीशी मालिका सुरू होती, पण आवाज बंद होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत चपला, हात मांडीवर. मला बघून ते उठले आणि पंखा बंद केला.

"राहू द्या ना, मामाजी."

"कायले? हवा खायले कोन हाय इथं?"

मग लोक जात कुठं होते? तेही मला रस्त्यातच कळलं.

नवी मशीन आली तेव्हा जुनं हलर मी भंगारात काढलं होतं. ते घेतलं मिलच्या जुन्या मिस्त्रीनं. त्यालाही नव्या मशीनवर काम उरलं नव्हतं. जाताना मशीन घेऊन जातो म्हणाला. मी म्हटलं, जा बाबा, जागा मोकळी होईल. मालकांना मी कळवलं, की भंगाराचीही आपण विल्हेवाट लावली. शाबासकी मिळाली. मिस्त्रीनं ते हलर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पक्कं बसवलं आणि गावोगाव फिरायला लागला. घरासमोर ट्रॉली उभी करायची, अंगणातच पोतं ओतायचं, घरच्या बाईच्या डोळ्यांसमोर तांदूळ काढायचा. पुढच्या घरी जायच्या आधी मशीन रिकामी करायची, ठोकायची, झाडायची.

साकोलीच्या रस्त्यावर तो मला भेटला. मी गाडी थांबवली.

"काय गा मिस्त्री, हे तर आमचं भंगार ना?"

"तुमचंच हाय, जवाईबापू. लय चांगलं भंगार हाय. आनखी असन तं सांगा."

"एकट्यानं जमतं का सगळं?"

"नाई जमत. पट्टा पाहू, का धान ओतू, का बाईसंग बोलू? तुमच्या मामाजीले म्हटलं, चाला संगं, तुमच्या हाताची मशीन हाय. ते म्हनतात, सही केली हाय बाप्पा, पाच साल मशीनले हात लावता येत नाई." त्यानं ट्रॅक्टर सुरू केला आणि वरून ओरडून विचारलं, "खरंच हाय का तसं? का म्हातारा टाळून राहिला मले?"

"खरं आहे," मी म्हणालो. आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. सगळ्या सौद्यात ती एकच गोष्ट ठरल्याप्रमाणे चालली होती. माझं कलम पक्कं होतं.

मग मी सुधारणा केली. पुन्हा प्रत्येकाचा धान वेगळा भरडायचं जाहीर केलं, गावात फलक लावले. पण नवी मशीन होती मोठी. दोन पोती धान तिच्या नुसत्या पोटात कुठंतरी बसून राहायचा, बाहेर यायला तयार नसायचा. वेगळा भरडायचा तर शेतकऱ्यानं निदान ट्रॉलीभर धान आणायला हवा होता. एक बांधी राखणारा माणूस ट्रॉलीभर खायचा धान कुठून आणणार? दोन मिली एक करायला मला एक सही पुरली होती. त्या पुन्हा वेगळ्या करायच्या म्हटल्यावर माझ्याकडे काहीच नव्हतं. जुनी मशीन दारोदार फिरत होती, माणसं तिच्यामागे गेली होती आणि माझ्याजवळ रंग उरला होता.

तिसऱ्या हंगामानंतर आढावा घ्यायचा हे मुळातच ठरलं होतं. मालकांचा विचार पक्का झाला होता, की एकोडीची मिल बंद करायची, मशीन भंडाऱ्याला आणायची, इमारतीत बारदाना ठेवायचा. मला सासरच्यांची तोंडं दिसायला लागली. मामाजींची मिल माझ्या शब्दावर गेली आणि माझ्याच कंपनीनं तिला कुलूप लावलं, असं व्हायला नको. मी चार दिवस जागून पडद्यावरची चित्रं तयार केली. पहिल्या वर्षाचे आकडे ठळक, नंतरचे फिके. उन्हाळी धान, नवा रस्ता, वाढती मागणी. मालकांना मी असं काही पटवून सोडलं, की ते थकून म्हणाले, "अरे भाई, ठीक आहे. आणखी दोन वर्षं चालव. पण मग बोलायचं नाही."

मी साकोलीहून पेढे घेतले आणि थेट एकोडी गाठली. बायको आधीच माहेरी आली होती. मामाजी ओसरीवर बसले होते. मी पेढा त्यांच्या हातात ठेवला.

"मामाजी, मिल वाचवली!"

"म्हंजे बंद नाई होत?"

"नाही! आणखी दोन वर्षं तरी काळजी नाही."

त्यांनी पेढ्याकडे पाहिलं. "आन् ते सहीवालं?"

"तेही कायम. सगळं जसंच्या तसं."

"दोन साल," ते म्हणाले. आणि पेढा परत डब्यात ठेवला, दुसऱ्या पेढ्यांना धक्का लागणार नाही असा. मग ते उठून मागच्या अंगणात गेले.

मी आत जाऊन बायकोला म्हणालो, "तुझ्या बाबांना आनंद झाला की नाही, काही कळत नाही."

ती चुलीपाशी होती. वळली नाही. "मिस्त्री उद्या सकाळी ट्रॅक्टर घेऊन येनार होता. मिल बंद झाली, का कंपनी सहीतून मोकळं करन, असं वाटलं त्याईले. कालपासून जुने कपडे काढून ठेवले हायेत, मशीनवर घालाचे. हातोडीले नवा दांडा बसवला."

"पण मी त्यांची मिल वाचवली!"

"त्याईनं मिल कवा मागितली तुमाले?" आता ती वळली. "इमारत मागितली का? टीव्ही मागितला का? मशीनपाशी जागा मागितली. तीन साल झाले, तुमी त्याईले मशीनले हात लावू देऊन नाई राहिले, आन् वरून पेढे आनता."

मी पेढ्यांचा डबा उचलून गाडीत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भंडाऱ्याला मालकांच्या केबिनबाहेर जाऊन बसलो. कालच ज्या गोष्टीसाठी घसा कोरडा केला होता, तीच मोडून काढायला. आयुष्यात मी पुष्कळांचे मुद्दे खोडले आहेत. स्वतःचे खोडायला जास्त सोपं जातं, कारण भोकं कुठं आहेत ते आधीच माहीत असतं.

"साहेब, एकोडीची मिल बंद करा."

मालकांनी चष्मा काढला. "काल तू जे दाखवलं ते खोटं होतं?"

"नाही साहेब, खरं होतं. पण ते आपल्या ट्रकांबद्दल होतं. मिलबद्दल नव्हतं. ट्रक काढले तर ती दुसऱ्याच वर्षी बसली होती."

"मग तीन वर्षं तू काय मोजत होता?"

"ट्रक, साहेब."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग मी दुसरं मागितलं: ते पाच वर्षांचं कलमही रद्द करा. मालक एकदम सावध झाले.

"का? तुझा सासरा त्या ट्रॉलीवर जाऊन बसेल."

"बसेल."

"आपले गिऱ्हाईक नेईल."

"आपल्याकडे नेण्यासारखे उरले नाहीत. आपण विकायचा तांदूळ काढतो, ते लोकांचा खायचा काढतील. आणि बंद मिलच्या वतीनं आपण म्हाताऱ्या माणसाला कशापासून अडवायचं?"

मालक मऊ मनाचे नाहीत, पण माझ्याकडून तिसरं भाषण ऐकायची त्यांची तयारी नव्हती. दोन्ही गोष्टी मान्य केल्या. मला विस्तार विभागातून काढून कोंडा विभागात टाकलं. तिथं मी अजून आहे. कोंडा निघतो, तेलवाल्यांच्या गाड्यांत भरला जातो. त्यात सामावून घेण्यासारखं काही नसतं आणि मला तिथं कोणी भाषणालाही बोलावत नाही. कंपनीनं नंतर तुमसरकडे आणखी एक मिल घेतली. पहिलं वर्ष उत्तम गेलं, असं ऐकतो. नव्या विस्तार अधिकाऱ्यानं मला विचारलं, काही सूचना? मी म्हणालो, तिथं लोक कशावर बसतात ते बघ. तो हसला. मला त्याचं हसू ओळखीचं वाटलं.

पण मामाजींचं सांगायचं राहिलं. मोकळं केल्याचं पत्र मी स्वतः टाइप केलं, मालकांची सही आणि शिक्का घेतला आणि दुसऱ्या दिवशी एकोडीला नेऊन त्यांच्या हातात दिलं. यावेळी पेढे नेले नाहीत. अंगणाबाहेर मिस्त्री ट्रॅक्टर लावून बिडी ओढत बसला होता. मामाजींनी चष्मा लावला, पत्र वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"हे कोनं लिहिलं?"

"मीच, मामाजी."

त्यांनी पत्राची घडी घातली. "मंग साकोलीच्या वकिलाकडून वाचून घेतो. रागावू नका, जवाईबापू."

मिस्त्री दारातून मोठ्यानं हसला. बायको पदराआड. मी गाडी काढली. वकिलांनी आम्हाला पुष्कळ वेळ बसवून ठेवलं, मग पत्र वाचलं आणि विचारलं, याच्यात अडचण काय आहे? मामाजी म्हणाले, "अडचन नाई, लिहिनारे आमचे जवाई हायेत." वकिलांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, जणू आता सगळं स्पष्ट झालं. मग सांगितलं, काका, तुम्ही मोकळे आहात. आजपासून वाटेल ते भरडा.

बाहेर आलो तर मिस्त्री ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आमच्यामागून तिथंच आला होता. त्याला पुढच्या गावात दोन घरं करायची होती. मामाजींनी पत्र माझ्या हातात दिलं. म्हणाले, घरी नेऊन ठेवा, मशीनवर मळते. मग पायजमा जरा वर खोचला, ट्रॉलीच्या कठड्याला धरून वर चढले आणि हलरच्या बाजूला उभे राहिले. ट्रॅक्टर निघाला. मी हात केला. त्यांनी पाहिलं नाही. ते वाकून पट्ट्याचा ताण बघत होते.